तुटणारा तारा कॅमेऱ्यात: उल्कांचं व्हिडिओ चित्रण पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री गावाबाहेर काळोख्या माळावर चटई टाकून नुसतं उताणं पडलं, तरी मिथुन राशीतल्या उल्का तासाला चाळीस-पन्नास सहज दिसतात. पण "ती बघ!" म्हणेपर्यंत उल्का विझलेली असते. शेजारच्याने मान वळवेपर्यंत आकाश जसंच्या तसं. कुठून कुठे गेली, किती वेळ दिसली, व्याधापेक्षा तेजस्वी होती का, यावर चौघांचं एकमत होत नाही. दिसलेली उल्का अशी हातातून निसटू नये, म्हणून मी कॅमेऱ्याकडे वळलो. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी, मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने लिहितो.

शटर उघडं ठेवून उपयोग नाही

रात्रीचे फोटो काढणारे सवयीने शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवतात. ताऱ्यांना ते चालतं. तारा तेवढ्या वेळात जवळपास एकाच जागी असतो आणि त्याचा प्रकाश त्याच पिक्सेलवर साठत जातो. उल्केचं तसं नाही. मिथुनेतल्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतात आणि साधारण १०० किलोमीटर उंचीवर पेटतात. डोक्यावरून आडवी गेली तर अशी उल्का सेकंदाला सुमारे २० अंश आकाश कापते. रुंद लेन्स लावलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा जेमतेम ०.०७ अंश व्यापतो. हिशेब केला तर उल्का एका पिक्सेलवर सेकंदाचा जेमतेम तीनशेवा हिस्सा थांबते.

म्हणजे शटर १/२५ सेकंद उघडं ठेवा नाहीतर अर्धा मिनिट, त्या पिक्सेलला उल्केकडून मिळणारा प्रकाश तेवढाच. वाढतो तो फक्त आकाशाचा उजेड, आणि त्यात मंद उल्का बुडून जातात. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढची सगळी निवड सोपी होते. सेकंदाला २५ फ्रेम घेणारा कॅमेरा, अंधारात संवेदनशील सेन्सर आणि जास्तीत जास्त उघडी लेन्स. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका.

कॅमेरा

पूर्वी या कामासाठी वॉटेक ९०२एच सारखे छोटे कृष्णधवल सीसीडी कॅमेरे वापरत. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पीटर जेनिस्केन्स यांनी उभारलेलं कॅम्स हे जाळं अशाच कॅमेऱ्यांवर उभं राहिलं. जपानमध्ये सोनोटाको नावाने चालणाऱ्या हौशी निरीक्षकांनी त्यासाठी यूएफओकॅप्चर हे सॉफ्टवेअर रूढ केलं. असा जुना कॅमेरा कोणी वापरून झालेला देत असेल तर जरूर घ्या, तो आजही काम करतो. फक्त त्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल संगणकात घ्यायला वेगळं कॅप्चर उपकरण लागेल.

नव्याने घेणार असाल तर सीसीटीव्हीच्या बाजारात जा. सोनीचे स्टारव्हिस जातीचे सेन्सर, म्हणजे आयएमएक्स २९१ किंवा आयएमएक्स ३०७, असलेला आयपी कॅमेऱ्याचा नुसता बोर्ड मिळतो. नेटवर्कची एकच केबल त्याला वीजही देते आणि चित्रही आणते. या सोयीला 'पीओई' म्हणतात, दुकानात तसंच विचारा. ग्लोबल मिटिऑर नेटवर्क या जगभर पसरलेल्या जाळ्यातले बहुतेक कॅमेरे याच जातीचे आहेत. मूळचे क्रोएशियाचे डेनिस विडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभारलं.

घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. लेन्स बदलता येते का? आणि एक्स्पोजर व गेन (सेन्सरचा सिग्नल किती वाढवायचा ते) हाताने ठरवता येतात का? एकाचंही उत्तर नाही असेल तर तो कॅमेरा दारावर लावायला चांगला, आकाशावर नाही. पहिला कॅमेरा मी हे न विचारता घेतला. डबी सीलबंद होती, लेन्स चिकटवलेली होती, आणि अंधार पडला की कॅमेरा स्वतःच्या मनाने शटर लांबवत होता. महिनाभर मी त्यात उल्का शोधत होतो. व्याध, रोहिणी आणि गुरू यांच्यापलीकडे काही सापडलं नाही.

लेन्स: पैसे इथे घाला

लेन्सवर 'एफ' चा आकडा असतो. फोकल लांबी भागिले उघडं छिद्र, एवढाच त्याचा अर्थ. आकडा जितका लहान, छिद्र तितकं मोठं. एफ २ च्या जागी त्याच लांबीची एफ ०.९५ ची लेन्स लावली तर प्रकाश चौपटीहून जास्त मिळतो. साध्या सीसीटीव्ही लेन्स एफ २ च्या आसपास असतात. उल्कांसाठी एफ १.२ च्या वर जाऊ नका, आणि मिळाली तर एफ ०.९५ घ्या.

दुसरा प्रश्न लांबीचा. वर सांगितलेल्या सेन्सरवर ४ मिलिमीटरची लेन्स आकाशाचा ८० ते ९० अंश रुंद पट्टा दाखवते, ६ मिलिमीटरची पन्नासेक अंश, आणि १६ मिलिमीटरची जेमतेम २० अंश. मोठ्या लांबीच्या लेन्सचं प्रत्यक्ष छिद्र मोठं, त्यामुळे ती मंद उल्का पकडते, पण खिडकीच छोटी. छोट्या लांबीची लेन्स अर्धं आकाश दाखवते, पण तेजस्वी उल्काच टिपते. नव्या माणसाने ४ मिलिमीटरपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्याच आठवड्यात हाती काही लागलं नाही तर उत्साह मावळतो, आणि रुंद लेन्स रिकाम्या हाताने क्वचितच परत पाठवते. शहराच्या उजेडात राहत असाल तर मात्र ६ मिलिमीटर बरी. तिच्यात उजळलेल्या आकाशावर तारे जास्त उठून दिसतात.

सेटिंग

कॅमेरा संगणकाला जोडून त्याच्या मेनूत जा आणि जे जे 'ऑटो' आहे ते बंद करा. एक्स्पोजर १/२५ सेकंदावर, म्हणजे ४० मिलिसेकंदांवर, कायमचं बांधा. गेन वाढवत न्या आणि आकाश काळ्याऐवजी गडद करडं दिसू लागलं की थांबा. चित्र कृष्णधवल ठेवा. कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड दिवे असतील तर ते तोडून टाका, नाहीतर पुढची काच चमकेल.

आणि एक सेटिंग असं आहे की ते विसरलं तर बाकी सगळं वाया. 'नॉइज रिडक्शन', त्यातही '३डी एनआर'. हे आधीच्या फ्रेमशी ताडून पाहतं आणि जे एकाच फ्रेममध्ये क्षणभर चमकलं त्याला कचरा समजून पुसून टाकतं. दुकानदार हाच गुण म्हणून सांगेल, कारण चित्र गुळगुळीत दिसतं. पण क्षणभर चमकणं हीच तर उल्केची ओळख. हे पूर्ण शून्यावर आणा. चित्र दाणेदार दिसेल. दिसू द्या.

फोकस

या कामात सर्वांत जास्त संयम इथे लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिवसा समोरच्या इमारतीवर फोकस करून ठेवला की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड अडवणारी काच ठेवलेली नसते, आणि दिवसाच्या उजेडातला फोकस व रात्रीच्या ताऱ्यांचा फोकस यांत फरक पडतो. शिवाय एफ ०.९५ ला फोकसची जागा इतकी अरुंद असते, की लेन्स नखाएवढी फिरली तरी तारे फुगतात.

म्हणून चंद्र नसलेली रात्र निवडा. हिवाळ्यात नऊच्या सुमारास मृग पूर्वेला चांगला वर आलेला असतो, कॅमेरा तिकडे करा. लॅपटॉप शेजारी ठेवा आणि चित्र शंभर टक्के मोठं करून मृगातला तीन ताऱ्यांचा बाण पाहा. आधी तीन धुरकट गोळे दिसतील. लेन्स अगदी हळू फिरवा. गोळे आक्रसतात, टोकदार होतात आणि पुढे पुन्हा फुगू लागतात. परत या. तेजस्वी ताऱ्यांवर भरवसा ठेवू नका, ते फोकस चुकला तरी बरे दिसतात. बाणाच्या खाली लोंबणारे मंद तारे पाहा. जिथे ते जास्तीत जास्त संख्येने उमटतात, तो तुमचा फोकस. मग लेन्सची लॉक-रिंग आवळा आणि पुन्हा बघा, कारण आवळताना लेन्स हमखास थोडी सरकते. मला पहिल्यांदा दोन तास लागले. आता वीस मिनिटं लागतात. एवढा वेळ हातात ठेवूनच बसा.

गावाबाहेर, नीट फोकस केलेल्या ४ मिलिमीटरच्या लेन्समधून पाचव्या प्रतीपर्यंतचे, म्हणजे बऱ्यापैकी मंदसुद्धा, तारे दिसायला हवेत. पडद्यावर सप्तर्षी पूर्ण दिसत नसेल तर काहीतरी चुकलं आहे. मागे जा आणि वरची सेटिंग पुन्हा तपासा.

गच्चीवर कायम, की फक्त वर्षावाच्या रात्री?

वर्षावाच्या दोन-तीन रात्रींपुरतंच करायचं असेल तर ट्रायपॉड पुरे. संध्याकाळी लावा, सकाळी काढा, दिशा कोणतीही ठेवा.

कायम लावणार असाल तर आपल्या अक्षांशाचा विचार करावा लागतो. युरोपातले लोक कॅमेरा खुशाल डोक्यावर रोखतात, त्यांच्याकडे सूर्य कधी डोक्यावर येतच नाही. आपल्याकडे मेमध्ये आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये तो भर दुपारी थेट माथ्यावर येतो, म्हणूनच तर शून्य सावलीचे दिवस साजरे होतात. मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उघड्या लेन्समधून सूर्य रोज सेन्सरवर पडला तर सेन्सर खराब होतो. म्हणून कायमचा कॅमेरा उत्तरेकडे, क्षितिजापासून चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रोखा, आणि माथ्याचा भाग चित्रात येणार नाही असं पाहा. ध्रुवतारा आपल्याकडे पंधरा ते एकवीस अंशांवर असतो, तो चित्राच्या तळाशी आला की दिशा जमली.

घर म्हणून सीसीटीव्हीची सपाट काचेची पेटी वापरा. घुमटाकार काच नको, तिच्या वळणात तारे ताणले जातात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि केबलचं भोक सिलिकॉनने नीट बंद करा. पावसाळ्यात चार महिने आकाश मिळणारच नाही, तेव्हा कॅमेरा उतरवून घरात ठेवणं शहाणपणाचं. सोसायटीची गच्ची असेल तर आधी परवानगी घ्या आणि शेजाऱ्यांना लॅपटॉपवर चित्र दाखवा. त्यात कोणाची खिडकी येत नाही हे पाहिलं की शंका मिटते, आणि एखादा सोबतीही मिळतो.

दवाबद्दल वेगळं सांगायला हवं. एका मिथुन वर्षावात रात्री एकपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. सकाळी पाहिलं तर दीडनंतरची सगळी फ्रेम दुधासारखी पांढुरकी. काचेवर दव बसलं होतं. मिथुन माथ्याजवळ येते तीच दोन-अडीचची वेळ, वर्षाव ऐन भरात असतो तो काळ, आणि नेमका तोच गेला. नंतर काचेच्या आतल्या कडेने चार-पाच रेझिस्टर समांतर जोडून १२ व्होल्टवर ठेवले. हाताला जेमतेम कोमट लागेल एवढी ऊब पुरते. त्यानंतर दवाने एकही रात्र घेतली नाही.

संगणक, घड्याळ आणि तारीख

रात्रभर सरळ व्हिडिओ साठवला तर सेकंदाला ४ मेगाबिटच्या दराने अकरा तासांत सुमारे २० जीबी भरतात, आणि ते डोळ्यांनी बघत बसणं कोणालाच जमणार नाही. म्हणून उल्का ओळखणारं सॉफ्टवेअर हवं. विंडोजवर यूएफओकॅप्चर हलणारी गोष्ट दिसली की तेवढाच तुकडा ठेवतं. माझी पसंती ग्लोबल मिटिऑर नेटवर्कच्या आरएमएस या मोफत सॉफ्टवेअरला आहे. ते रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. त्याची युक्ती सुंदर आहे. दर २५६ फ्रेमचा, म्हणजे १०.२४ सेकंदांचा, एक गठ्ठा करायचा, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी चारच गोष्टी लिहून ठेवायच्या: सर्वांत जास्त उजेड किती, तो कितव्या फ्रेमला, सरासरी किती आणि चढउतार किती. उल्का कुठून कुठे, कोणत्या क्षणी गेली हे एवढ्यावरून परत काढता येतं.

घड्याळ इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या एनटीपी सेवेशी जुळवून ठेवा. ३५ किलोमीटर वेगाची उल्का एका फ्रेमच्या वेळात १.४ किलोमीटर पुढे जाते, तेव्हा घड्याळ अर्धा सेकंद चुकलं तरी ताडून पाहायला काही उरत नाही. नोंद कायम जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये करा. आपली तारीख रात्री बाराला बदलते, पण यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. १४ डिसेंबरला रात्री २:४० वाजता दिसलेली उल्का नोंदीत १३ डिसेंबर, २१:१० अशी येईल. नवे लोक इथे हमखास गोंधळतात आणि दुसऱ्याच रात्रीच्या नोंदींशी आपली उल्का जुळवत बसतात.

यानंतर एकदाच करायचं काम म्हणजे चित्रातल्या ताऱ्यांची ओळख पटवणं. आरएमएस सोबत येणाऱ्या स्कायफिटमध्ये चित्रातल्या ताऱ्यावर आणि नकाशातल्या त्याच ताऱ्यावर टिचक्या मारत जायचं. चाळीसेक तारे चित्राच्या सगळ्या कोपऱ्यांतून निवडा. एवढं झालं की प्रत्येक पिक्सेल आकाशात कुठे आहे ते कॅमेऱ्याला कळतं. नंतर कॅमेरा कोणी हलवला तर हे काम पुन्हा करा.

ही उल्का आहे का?

सकाळी यादी उघडली की त्यात विमानं, उपग्रह, वटवाघळं, काचेजवळून उडालेले किडे, लांबची वीज, सगळं असतं. फ्रेम मोजायला शिका. माझ्याकडची एक नोंद सांगतो. पहिल्या फ्रेममध्ये पुनर्वसूच्या खाली एक फिकट ठिपका. तिसऱ्या फ्रेमला त्याची छोटी रेघ झाली. नवव्या-दहाव्या फ्रेमला ती सर्वांत तेजस्वी, पुढचं टोक जाड, मागे बारीक शेपूट. चौदाव्या फ्रेमनंतर काही नाही. एकूण लांबी ११ अंश. चौदा फ्रेम म्हणजे ०.५६ सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला सुमारे २० अंश. हळू पेटणं, भर, आणि विझणं. ही उल्का.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक माथ्यावरून जातानासुद्धा सेकंदाला सुमारे एक अंशच सरकतं, उंचावरचं विमानही तसंच. ते शेकडो फ्रेममध्ये दिसत राहतात. वटवाघूळ एका फ्रेममध्ये वळण घेतं, उल्का वळत नाही.

मंद गतीची, तुकडे होत जाणारी, अर्धं आकाश ओलांडणारी तेजस्वी रांग दिसली तर बहुधा ती परत येणारी अवकाशातली वस्तू असते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातल्या लोकांनी अशीच रांग पाहिली आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडलेली सापडली. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो. उल्का ११ च्या खाली येत नाही, आणि सिंहेतल्या तर ७१ ने येतात. कॅमेऱ्यातल्या फ्रेम हा फरक तिथल्या तिथे सांगतात.

कोणती रात्र धरायची

परदेशी लेखांत ऑगस्टमधल्या ययातीच्या वर्षावाचं फार कौतुक असतं. महाराष्ट्रात तेव्हा ढग असतात, त्यात वेळ घालवू नका. आपला खरा वर्षाव मिथुनेचा. तो फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीतून येतो. हा लघुग्रह १९८३ मध्ये सापडला. मिथुन रात्री आठच्या सुमारास वर येते आणि पहाटेपर्यंत आकाशात असते, त्यामुळे पूर्ण रात्र कामाची. ऑक्टोबरच्या २१ तारखेच्या आसपास मृगाचा वर्षाव असतो, तो हॅलेच्या धूमकेतूचा. जानेवारीच्या ३-४ तारखेचा वर्षाव पहाटे. पंचांगात तिथी पाहून ठेवा. शुद्ध पंचमीपर्यंतचा चंद्र लवकर मावळतो, त्याचा त्रास नाही. पौर्णिमेच्या आगेमागे मात्र फक्त अग्निगोलांची, म्हणजे फार तेजस्वी उल्कांची, आशा ठेवावी.

दुसरा कॅमेरा, दुसऱ्या गावात

एका कॅमेऱ्याला उल्केची दिशा कळते, उंची कळत नाही. ५० ते १५० किलोमीटरवर दुसरा कॅमेरा तीच उल्का टिपत असेल तर तिची आकाशातली वाट, खरा वेग आणि सूर्याभोवतीची आधीची कक्षाही काढता येते. २८ फेब्रुवारी २०२१ ला इंग्लंडमध्ये विंचकूम गावावर अग्निगोल दिसला, तेव्हा अनेक कॅमेऱ्यांच्या नोंदी जुळवून त्याची कक्षा निघाली, आणि त्याचे तुकडे एका घराच्या अंगणातून उचलले गेले. आपल्याकडे असे कॅमेरे फार थोडे आहेत, आणि ती उणीव मला मनापासून टोचते. लोणारसारखं विवर ज्या प्रदेशात आहे, तिथल्या आकाशावर रोज रात्री कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

पुण्यात तुमचा आणि साताऱ्यात मित्राचा कॅमेरा आहे असं धरा. दोघांत अंतर नव्वदेक किलोमीटर. दोघांनी बारामतीच्या वर, १०० किलोमीटर उंचीवरच्या बिंदूकडे रोखायचं. पुण्याहून तो आग्नेयेला, साताऱ्याहून ईशान्येला, आणि दोन्हीकडून उंची सुमारे ५० अंश. दोन रेषा एकमेकींना चांगल्या छेदतात. दोन्ही दिशांना सूर्य येतो, तेव्हा सकाळी लेन्सवर टोपण घालायला विसरू नका.

सकाळी दोघांनी फोनवर आपापली यादी यूटीसी वेळेसकट वाचायची. त्याच्याकडे २१:१०:४७, तुमच्याकडे २१:१०:४७. चित्रं पाहिली तर तुमच्याकडे ती डावीकडे झुकलेली असेल, त्याच्याकडे उजवीकडे. आता दोन्ही फाइल एकाच संगणकावर आणा आणि पहिल्यांदा तिची उंची काढा.